ऑलिंडा आत्याची मागची भिंत

ब्रिजटाउन, बार्बेडोस
१२ नोव्हेंबर १९६७

ती. ऑलिंडा आत्यास,
एव्हरार्डचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि आरारूटची पिशवी मिळाली. लापशी करून प्यालो, घर आठवलं.

मागच्या आठवड्यात एका पाद्रीबाबांकडून जमैकाचं शंभर वर्षांपूर्वीचं पंचांग मिळालं. वाळवीने कडा खाल्ल्यात, मजकूर शाबूत आहे. तू हसशील, हस. आपल्या बेटांवरची जुनी पुस्तकं आता कपाटांत मावत नाहीत. गव्हर्नरांचे अहवाल आहेत, मळेवाल्यांच्या रोजनिश्या आहेत, बोटीने येऊन महिनाभर राहून गेलेल्यांची प्रवासवर्णनं आहेत. सगळी परक्यांनी लिहिलेली. आपल्या आजोबांनी स्वतः लिहून, स्वतः छापलेल्या साप्ताहिकाचा मात्र एकही अंक माझ्याकडे नाही. कुठेच नाही.

आणि तू शेवटी सहज लिहितेस की उरलेले अंक त्यांनी तुझ्या मागच्या खोलीच्या भिंतीला चिकटवले होते! अगं, आधी सांगायचं नाही का? हात जोडतो, या नाताळात दरवर्षीसारखे भिंतीला नवे कागद लावू नकोस. मी येतोय.

माझ्यावरचा लोभ थोडा त्या भिंतीकडेही वळव.
तुझा,
एव्हरार्ड

बायाबू, सेंट व्हिन्सेंट
४ डिसेंबर १९६७

चि. एव्हरार्ड यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बोटीवर लोळत लोळत आलं. तोवर मी खळ शिजवून, भिंतीला कागद लावून मोकळी. नाताळात पाहुण्यांना जुनी भिंत दाखवली तर लोक तोंडात शेण घालतील.

पण तू जीव टांगणीला लावू नकोस. आम्ही जुना कागद खरवडत नाही, त्यावरच नवा लावतो. खळीत कडू कोरफड असते, म्हणून झुरळं फिरकत नाहीत. बाबा सगळ्यात खाली सुखरूप आहेत. पलंगावर आडवी पडून मी त्या भिंतीवरच वाचायला शिकले.

ये. काळा केक मुरतोय, सॉरेलचं सरबत भरून ठेवलंय. सण झाला की भिंतीचं काय ते कर. लग्न केलं असतंस तर बायकोने तुझी ती रद्दी कधीच चुलीत घातली असती.

प्रकृतीस जप आणि माया असू दे.
आत्या

ब्रिजटाउन
१४ जानेवारी १९६८

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. केकचा डबा बोटीतच संपला. पत्र लिहायचा धीर मात्र होत नव्हता.

किटलीच्या वाफेवर वरचे थर सुटत गेले, आजोबांच्या पेपरचं नाव दिसलं आणि आपण दोघंही रडलो. मग मी हावरटासारखं त्या पानालाही वाफ दिली, आणि त्यांची नारळाच्या तेलात खललेली काजळीची शाई माझ्या बोटांवर उतरली. ते पान मी घालवलं. तू फडक्याने माझी बोटं पुसलीस, तेच जास्त लागलं.

उरलेली पानं तिथेच राहू देत. सोडवायला गेलो तर हाती नुसती काजळी येईल. पुढच्या नाताळात त्यांच्यावर खुशाल कागद लाव. डोळ्यांनी पाहिलं, पुष्कळ झालं.

रागावली असलीस तरी लोभ कमी करू नकोस.
एव्हरार्ड

बायाबू
२० फेब्रुवारी १९६८

चि. एव्हरार्ड यास,
अनेक आशीर्वाद.

पुष्कळ झालं म्हणे! तुझं तोंड मी पाहिलं होतं रे. एवढी पुस्तकं वाचलीस आणि आपण लाकडी घरातले हे विसरलास. कागद निघत नाही, पण फळी तर निघते. लोक अख्खं घर सोडवून दुसऱ्या गावी उभं करतात, मग एका भिंतीचं काय? सुतार बोलावून जुन्या फळ्या काढल्या, नव्या ठोकल्या. चादरींत गुंडाळून बोटीच्या कप्तानाकडे दिल्यात. बंदरावर तू स्वतः जा, हमालांवर सोडू नकोस. कोऱ्या भिंतीला शेजारणी नावं ठेवतायत. ठेवू देत.

माझ्या उशाजवळची फळी मात्र पाठवलेली नाही. तिच्यावर बाबांनी छापलंय, 'संपादकांस कन्यारत्न झाले. आई व बाळ खुशाल आहेत. या कारणे अंकास विलंब झाला, वाचकांनी क्षमा करावी.' वाचकांनी केली की नाही, कोण जाणे. तुझ्या संग्रहात तेवढी जागा रिकामी राहील, राहू दे. पेपरात माझ्याविषयी एवढं एकदाच आलंय. मी गेल्यावर ती फळीही तुझीच. तोवर वाचायला इथे येत जा.

वाट पाहणारी,
आत्या