शवपेटी, धुळे : पहिल्या नंबरावर

४ एप्रिल
रोजनिशी पाडव्यालाच सुरू करणार होतो. तेव्हा वही होती, पेन नव्हतं. पेन मिळालं तोवर योगराजने वहीत रमीचे पॉइंट मांडून ठेवले होते. असो. आजपासून रोज.

काम मिळालंय. लीलाधर नाना, रिटायर एसटी ड्रायव्हर. त्यांचं सेवा मंडळ म्हणजे पारोळा रोडवरची पत्र्याची शेड आणि आत एक थंड शवपेटी. सगळ्यांना फुकट. धुळ्याचं ऊन हे असं, पोरं सुरतेला नाहीतर फौजेत. ती येईपर्यंत मयत टिकायला पाहिजे. सुमनबाई, म्हणजे नानांची बायको, भर मे महिन्यात गेली. पोरगा पोचेस्तोवर तोंड दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं. तेव्हापासून नानांनी हे धरलंय. पण गूगलवर शोधलं की आधी सगळे पैसे घेणारे एजंट दिसतात. नाना पार तळाला. मला म्हणाले, भो, आपलं नाव वर आन. म्हटलं, आठवड्यात आणतो. गूगलवर नाव वर आणायचा कोर्स यूट्यूबवर अर्धा झालाय. उरलेल्या अर्ध्यात सर्टिफिकेटबद्दलच बोलतात.

९ एप्रिल
मधले दिवस प्लॅनिंग.
पेटी अभिमनशेठनी दिलेली, आईच्या स्मरणार्थ. त्यांचा निरोप आलाय : आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, पेटी वापरात दिसली नाही तर जामनेरच्या मंडळाला देईन. नाना घाबरलेत. मी नाही घाबरलो. डेडलाइनवर मी फुलतो.
गूगलवर मंडळाचं नवं पान काढलं, जोडीला एक वेबसाइट. नंबर माझा टाकला. नानांचा फोन बटणाचा, ओटीपी आला की ते शेजाऱ्यालाही वाचून दाखवतात. वेळ टाकली : २४ तास उघडे.

१३ एप्रिल
रिव्ह्यू पाहिजेत. मित्रांना कामाला लावलं. योगराज : ‘सेवा झक्कास. फॅमिलीसह आलो होतो. पुन्हा नक्की येऊ.’ किरण : ‘कूलिंग एकदम टॉप. आत बसलं की बाहेर यावंसं वाटत नाही.’ पाच-पाच स्टार.
मयुरीताईने, नानांच्या सुनेने, वाचलं. म्हणाली, भूषणभाऊ, त्यात बसत नाहीत, झोपवतात. लगेच दुरुस्त केलं.

१६ एप्रिल
रिसर्च केला. धुळ्यात लोक ‘शवपेटी’ फार कमी शोधतात, ‘एसी हॉल’ खूप. वेबसाइटच्या तळाला पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘एसी हॉल, साखरपुडा, आमरस थाळी’ टाकून दिलं. माणसाला दिसत नाही, गूगलला दिसतं. डोकं लागतं.
संध्याकाळी पहिला कॉल! बाई विचारत होत्या, कपॅसिटी किती. म्हटलं, एक. त्यांनी ठेवला.

१७ एप्रिल
दिवसभर साखरपुडावाले. फोन सायलेंटवर टाकला. तसंही गूगलच्या रिपोर्टात ‘कॉल’चा आलेख असतो. उचला, नका उचलू, तो चढतो.
किरणच्या चुलतभावाच्या हळदीला शिरपूरला निघालोय. एक दिवस.

२३ एप्रिल
शिरपूरहून आलो. हळद, लग्न, मग घोडीवाला ओळखीचा निघाला, त्याच्यासोबत पुढची दोन लग्नं. अनुभव महत्त्वाचा.
नाना उन्हात पायी खोलीवर आले. मी शिरपूरला असताना देवपुरातल्या वना नावाच्या माणसाचे वडील गेले. वना दिवसभर फोन करत होता, म्हणाले. कोणी उचलला नाही. थोरला भाऊ नाशिक ओलांडून निघाला होता, त्याच्या येण्याआधीच आग द्यावी लागली. नाना म्हणाले, पेटी रिकामी शे, आनि गावमा माणसं सडी राहिनात. मरनारा काय तुनाकरता थांबी का? पाणी दिलं, प्यायले नाहीत.
वाईट वाटलं. रिपोर्ट उघडला. एका दिवसातले सर्वांत जास्त कॉल त्याच दिवशीचे. हे नानांना दाखवायला हवं होतं, त्यांनाही धीर आला असता.
संकल्प : उद्यापासून प्रत्येक फोन उचलायचा. (दुपारी झोपेची वेळ सोडून.)

२६ एप्रिल
खरी अडचण सापडली : अंतर! लोक दवाखान्याच्या दारात उभं राहून शोधतात, गूगल जवळचं दाखवतो, आणि शेड गावाबाहेर. पेटी हलवणं अवघड, नकाशावरची खूण हलवणं सोपं. माझी खोली सिव्हिलच्या मागेच, तिसरा मजला. खूण खोलीवर आणली.

२८ एप्रिल
पहिला नंबर!!! एजंट सगळे खाली. स्क्रीनशॉट मयुरीताईला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. आनंद झाला की माणूस बोलत नाही.

२९ एप्रिल
अभिमनशेठचा टेम्पो आला, पेटी जामनेरला गेली. आखाजी उद्या आहे, एक दिवस आधीच! शेठ म्हणाले, तिथली माणसं फोन उचलतात. हा टोमणा कोणाला, कळलं नाही. नाना शेडमध्ये पेटीच्या जागी खाली बसून होते. स्क्रीनशॉट पुढे केला. म्हणाले, जाय भो, घर जाय.
पेटी काय, येईल परत. नंबर मिळवणं कठीण असतं, तो आहे.

३० एप्रिल, आखाजी, दुपारी
खापराच्या पुरणपोळ्या, आमरस. आज कामाला सुट्टी. योगराज पत्ते घेऊन येणार होता.
मोबाइल पाहिला : एकाच नंबरचे बरेच मिस्ड कॉल. आलेख मस्त दिसणार.
दार वाजलं, वाटलं योगराज. नाही. कोणी रूपा नावाची बाई, घामाघूम, हातात मोबाइल, त्यावर आपलंच पान. म्हणाली, दादा, किती शोधलं, नकाशानं बरोबर आणलं. भाऊ फौजेत आहे, उद्या सकाळी पोचतोय. तोवर आईला ठेवायचंय.
म्हटलं, जरा थांबा, आणि दार लोटून लिहितोय. नानांना लावला, उचलत नाहीत. खिडकीतून पाहिलं : खाली टेम्पो, त्यातून बर्फाचं पाणी गळतंय. चौघांनी आईला खांद्यावर घेतलंय आणि जिना चढायला लागलेत.