जयाच्या शेजारची खुर्ची

२२ जुलै, मंगळवार
झालं! नावं दिली. माझं आणि जयाचं. नणंद-भावजय एकाच कामाला – तेही फुकट! हे म्हणाले, "पगार नाही, चहा नाही, मग काहून वं?" म्हटलं, देवळात चपला सांभाळायला बसते तेव्हा कोण पगार देतं? ही पण सेवाच.

काम असं. वेबसाइट बनवायचं एक सॉफ्टवेअर आहे. कोणालाही फुकट, जगभरचे लोक मिळून घडवतात. नवं रूप बाहेर यायच्या आधी ते अंध-अपंगांना जमतं का, हे आमच्यासारख्यांनी करून बघायचं. पडद्यावर काय आहे ते कॉम्प्युटर वाचून दाखवतो, जया कानानं ऐकून कीबोर्डवर काम करते. मी शेजारी बसून काय झालं ते लिहायचं. रोजचा हिशेब लिहिणाऱ्या बाईला हे काय जड!

जयाची नजर साखरेच्या आजारानं गेली, तेव्हापासून ती आमच्याकडेच. आता अंध बायकांच्या एका वर्गात हेच सॉफ्टवेअर शिकवायला तिला घेणार आहेत. अट एकच – सगळं एकटीनं करून दाखवायचं. पुढच्या महिन्यात बोलावतील.

जमेल. मी आहे ना!

२५ जुलै, शुक्रवार
श्रावण लागला. जिवतीचा कागद भिंतीला लावला.
पान उघडलं, मजकूर टाकला, फोटो लावला, प्रकाशित केलं. सगळं पास! काम वाटून देणारे इंजिनियर धम्मानंद फोनवर म्हणाले, "काकू, बाकीच्या लोकाइले तं शेवटच्या पायरीवर अडचण येऊन राहिली. तुमचं कसं काय झालं?"
"आमची जया हुशार आहे, दादा!"
आहेच.

२८ जुलै, सोमवार
श्रावणी सोमवार, माझं मौन. दिवा लागेपर्यंत शब्द नाही. पण काम कशाला थांबवायचं? मला लिहायचंच तर असतं.

जयानं मजकूर टाकला, 'प्रकाशित करा' दाबलं. पडद्यावर चौकट आली – नक्की करायचं का? मला दिसली. जयाच्या कानाला काहीच नाही. ती पुढे जायला बघते, आवाज मागचंच पान वाचतो. मी बोट दाखवलं. जयाला! मग मान हलवली. माझं मलाच हसू आलं. मग गेलं.

"वहिनी, आहे नं वं तू? कुठं अडलं, सांग नं."
मी गप्प.
"बोलत काहून नाही? ... हो, सोमवार आहे नं आज."

बराच वेळ बटणं दाबत राहिली. मग हात मांडीवर घेतले.
"म्हणजे तू सांगत होती म्हणून होऊन राहिलं होतं."

२९ जुलै, मंगळवार
रोज मीच म्हणत होते – "आली बघ चौकट, आता टॅब, आता एंटर मार." ते सांगणं आहे असं वाटलंच नाही! तिला ताट वाढल्यावर म्हणतेच ना – चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, वाटी गरम आहे. तसंच तोंडातून निघायचं.

धम्मानंदना फोन केला. म्हटलं, आमचे सगळे पास खोडा. ते म्हणाले, "बरं केलं काकू. तुमचा पास दाखवून ते सॉफ्टवेअर बनवणारे म्हणून राहिले होते का चौकट ठीक आहे."
आमच्या लाडापायी दुसऱ्या कितीजणी तिथं अडकल्या असत्या! नवीन लिहून दिलं – चौकट येते, आवाज येत नाही. त्यांनी इंग्रजीत करून पाठवलं.

२ ऑगस्ट, शनिवार
जया म्हणते, "तू बाहेर बसत जाय." म्हटलं, तोंड शिवून बसते.
"नाही. तू श्वास ओढला का मले समजते, चुकलं म्हणून."
आता काय, श्वासही बंद करू?
ओसरीवर शेंगा सोलत बसले. कान दाराशी. हे म्हणाले, "पोरीच्या परीक्षेले बसल्यासारखी काहून बसली वं?"

९ ऑगस्ट, शनिवार
राखी. जयानं ह्यांना बांधली आणि लगेच कामाला बसली. दुरुस्ती आली आहे.
आतून ओरडली – "बोलली वं, चौकट बोलली!"
धावले. दाराला आतून कडी होती.

१८ ऑगस्ट, सोमवार
आज बोलावलं होतं. हे सोडायला गेले, तर जयानं फाटकातूनच परत पाठवलं त्यांना. मी मौनात दिवसभर घरभर. संध्याकाळी ऑटोतून एकटी उतरली. चेहऱ्यावरून काही कळेना. दिवा जरा लवकरच लावला – महादेवा, क्षमा कर – आणि विचारलं.
"घेतलं मले."
शिरा केला. साखर नावाला, तूप सढळ. वाढताना जीभ दाताखाली धरली. ताटात तिचं तिनं बरोबर शोधलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
वर्गाच्या वेबसाइटवर जयाचं पहिलं पान. ती साइटही धम्मानंदच बघतात; त्यांनी नेहमीसारखं माझ्याकडे तपासायला पाठवलं.

'एका बाईसाठी खोली पाहिजे. वर्गापासून पायी जाता येईल अशी. स्वयंपाक मी करीन. बघायला एकटीच येईन. – जया.'

पुन्हा वाचलं. चूक नाही.
कळवलं – पास.