नवसाची वांगी आणि शिंप्याचं घरटं

राजाजीनगर, बंगलोर
कार्तिक वद्य पंचमी, शके १८८१

ती. अक्कांच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या जावेचा नमस्कार.

भावोजींनाही सांगावा. त्यांचा गुडघा आता कसा आहे? एरंडाचं पान गरम करून बांधा म्हणून मागे लिहिलं होतं, ते बांधलंत की पत्र वाचून कोनाड्यात ठेवून दिलंत? इकडे सगळे खुशाल आहोत, असं लिहायचं म्हणून लिहिते. खरं म्हणजे काल सकाळी ह्यांना दोन शिंका आल्या आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. हे म्हणतात, झेंडूचा वास घेतला म्हणून आल्या. असेलही. पण मला ह्यांच्या प्रत्येक शिंकेमागे खंडोबा उभा दिसतो, त्याला काय करू?

का दिसतो ते सांगते, आणि आजवर सांगितलं नाही म्हणून रागावू नका. गेल्या पौषात ह्यांना विषमज्वर झाला तेव्हा तुम्ही निपाणीहून धावत आलात, माझ्या हातातलं सगळं काम काढून घेतलंत. तुम्ही यायच्या आदल्या दुपारची गोष्ट. डॉक्टर नुसता चष्मा पुसत राहिले आणि तसेच निघून गेले. मी देव्हाऱ्यापुढे पदर पसरला आणि बोलून बसले की, देवा मल्हारी, ह्यांना अंथरुणावरून उठव. येत्या चंपाषष्ठीला तुझ्या भरिताला विकतचं वांगं आणणार नाही, माझ्या अंगणात माझ्या हातच्या पाण्यावर वाढलेलं देईन. (नारळ बोलले असते तर आज हे पत्र इतकं लांबलं नसतं. पण तेव्हा वाटलं, नारळ काय, कोणीही देतं.) हे उठले, पेज जेवले, महिन्याभरात कारखान्यात जाऊ लागले. देवाने त्याचं केलं, आता माझं राहिलं. ह्यांना यातलं अक्षर सांगितलेलं नाही. दिवसभर यंत्रांचे नकाशे काढणारं माणूस. म्हणतील, ताप औषधाने उतरला, वांग्याने नव्हे. आणि खरं सांगू का अक्का, नवस सांगायचा तर त्या दुपारी मी किती भ्यायले होते तेही सांगावं लागेल. ते नको.

तर तुम्ही जाताना दिलेलं काटेरी वांग्याचं बी मी माघात राखेत घोळून पेरलं आणि चैत्रात रोपं वाफ्यात लावली. इथली माती लाल, दिसायला कुंकवासारखी, पण पाणी पिते उंटासारखी. उन्हाळ्यात नळाला धार करंगळीएवढी. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, शेवटी आंघोळीचंसुद्धा पाणी चर काढून वांग्यांकडे वळवलं. (आंघोळीचं पाणी देवाच्या वांग्याला चालतं का, हे विचारायचं राहून गेलं. चालत नसेल तर कळवू नये.) वैशाखात वळवाचे दोन चांगले पाऊस झाले आणि झाडं अशी तरारली की मी दृष्ट काढली.

आणि इथेच माझी बुद्धी कुठे गेली होती कोण जाणे. आपल्या घरात आषाढातल्या कांदेनवमीला कांदा-वांगं बंद होतं ते मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडगा दाखवल्यावरच सुटतं, हे मला तुम्हीच शिकवलंत. पैन् पै टिपून ठेवणारी बाई मी. खत मोजलं, पाणी मोजलं, तिथी तेवढी मोजली नाही. कांदेनवमी झाली आणि पुढच्याच आठवड्यात वांगी लागली! रोज सकाळी बघावं तर पानापानाआड जांभळी. खायची सोय नाही आणि टाकवत नाही. आमचे घरमालक भीमाचार्य पुढच्या भागात राहतात, त्यांच्याकडे सूप भरून नेलं. ते माध्व, आमच्याहून कडक. म्हणाले, "स्वल्प थांबा अम्मा, हा महिना आम्हाला भाजीच नाही." मी म्हटलं, पुढच्या महिन्यात आणते. तर म्हणाले, "पुढच्या महिन्यात भाजी आहे, दही नाही. पण वांगं? छे छे! ते आमच्यात बारा महिने नाही." मग आमची दूधवाली गंगव्वा, तिला दिली. तिने एकेक वांगं उलटसुलट करून बघितलं. "फुकट देताय म्हणजे किडकी असणार कस्तुराक्का. सरी, असू दे, म्हशीला घालते." दुसऱ्या दिवशी दूध मापताना म्हणते, "म्हशीनं तोंड फिरवलं हो. तुमच्या शेजारानं तीही उपास धरायला लागली."

त्यातच मी चातुर्मासाचा नेम धरला होता, तो आणखी निराळा. अंगणात पाखरांसाठी रोज पसाभर कणी आणि पसरट भांड्यात पाणी ठेवायचं आणि बागेतला कुठलाही जीव मारायचा नाही. स्वस्तातला नेम म्हणून धरला. (कणी तांदूळ निवडताना निघतेच.) पण अक्का, पाखरं आपापसात निरोप धाडतात की काय? आधी चिमण्या आल्या, मग साळुंक्या, मग शेवग्यावर पोपटांचा थवा. खारीने पपया पोखरल्या. कढीलिंबावर हिरव्यागार अळ्या पडल्या, त्यांनी एकूण एक पान खाल्लं. हे कीड मारायची पूड घेऊन आले, ती मी नेमाचं निमित्त सांगून परत पाठवली आणि दोन महिने बिनकढीलिंबाची फोडणी दिली. मग एके दिवशी त्याच झाडाभोवती काळी-पिवळी फुलपाखरं भिरभिरायला लागली, तेव्हा हे म्हणाले, "बघ, तुझा कढीलिंब उडतोय." न्हाणीमागच्या ओलीत एक गलेलठ्ठ बेडूक राहायला आला. त्याने किडे खाऊन माझ्या अळूचं रक्षण केलं हे मान्य, पण ऋषिपंचमीला तो बिनबोलावता स्वयंपाकघरात आला तेव्हा मी पाटावर चढून अथर्वशीर्ष म्हटलं.

आश्विनात इथे परतीचा पाऊस फार. त्या ओलीने वांग्याची झाडं एकामागून एक माना टाकू लागली. सकाळी ताठ, दुपारी मलूल, संध्याकाळी संपली. न्हाणीजवळचं एक तेवढं वाचलं, कारण ते जरा उंचावर होतं. त्याला नवी कोवळी वांगी धरली आणि मी म्हटलं, देवाने स्वतःच्या वाट्याचं झाड राखून ठेवलं. तेवढ्यात शिंपी आला. चिमणीच्या निम्मा, शेपूट वर उभारलेला हिरवट पक्षी. अंगाच्या मानाने आवाज असा की भीमाचार्यांचा जप चुकतो. नवराबायकोने मिळून वांग्याची दोन मोठी पानं चोचीने भोकं पाडून धाग्याने शिवली (धागा माझ्या वातींच्या कापसाचा, वाळत घातलेला!) आणि त्या खिशात अंडी घातली. अख्ख्या राजाजीनगरात त्या जोडप्याला शिवायला दुसरं पान मिळालं नाही.

ते बघून हे तर वेडेच झाले. स्टूल टाकून बसतात, नकाशाच्या कागदावर घरट्याचं मापासकट चित्र काढतात. "टाका बघ, टाका! गाठ न मारता कसा घट्ट बसवलाय!" मला ताकीद, झाडाकडे फिरकायचं नाही, पदर लागला तरी मादी पिल्लं टाकून जाईल. कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा दुसरीकडे बांधली. ज्यांच्या जिवासाठी नवस बोलले तेच माझ्या वांग्यांवर पहारा करताहेत, आणि मी तोंड उघडू शकत नाही!

आता अंडी फुटून पिल्लं बाहेर आल्याला आठवडा उलटून गेला. ती कधी उडतील म्हणून विचारावं तर भीमाचार्य म्हणतात महिना, गंगव्वा म्हणते पावसाळा संपू द्या, आणि हे म्हणतात, "त्यांना वाटेल तेव्हा." चंपाषष्ठी पंधरवड्यावर आली. तोवर वांगी जून होऊन पिवळी पडतील, नाहीतर खार नेईल. तोडायला जावं तर एका आईच्या पोटच्या गोळ्यांना उघडं पाडल्याचं पाप, न तोडावीत तर देवाशी खोटेपणा. आणि देव रुसला तर तो माझ्यावर नाही रुसणार अक्का, ह्यांच्यावर रुसेल, हीच भीती. रात्री कूस बदलताना ह्यांच्या कपाळाला हात लावून बघते. ह्यांना वाटतं मी डास हाकलते.

असो. थंडी पडू लागलीय, भावोजींना कानाला बांधायला सांगा. कळावे, लोभ आहेच.

तुमची,
कस्तुरा

ता.क. पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं तेच राहिलं. भावोजी तंबाखूच्या कामाला चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी इकडे येणार आहेत ना? त्यांच्याबरोबर तुमच्या परसातली चार काटेरी वांगी पाठवाल का? बी एकच, घर एकच, कुलदैवत एकच. मग तुमचा हात तो माझाच हात नाही का? तुम्ही 'चालतं' म्हणालात की आपल्या घरात चालतं. उत्तरात मात्र वांग्याचं नाव नको, पत्र आधी ह्यांच्या हाती पडतं. 'लोणचं पाठवते' एवढंच लिहा, मी समजेन.

ता.क. दुसरं. तिकीट नव्हतं म्हणून पत्र दोन दिवस घरीच राहिलं. आज सकाळी पिल्लं उडाली! मी हात जोडले आणि वरचा मजकूर खोडायला बसले, तोच हे उपरण्यात सगळी वांगी घेऊन स्वयंपाकघरात आले. म्हणाले, "घे, तुझ्या मल्हारीची." मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? म्हणाले, "ताप अंगात होता, कानात नव्हता. एवढ्या मोठ्याने बोललीस की भीमाचार्यांनीसुद्धा ऐकलं असेल." वर्षभर ठाऊक होतं ह्यांना! कारखान्यात जायच्या आधी अंधारात रोज तांब्याभर पाणी त्या झाडाला तेच घालत होते. मी समजत होते दव पडतं. म्हणजे नवसातलं पाणीही माझ्या एकटीच्या हातचं राहिलं नाही. मला रडू आलं, त्यावर म्हणाले, "आता का? तुझा देव तर खूश."

षष्ठीला अजून चौदा दिवस आहेत आणि तोवर ही वांगी सुकून सुपारी होतील, हे त्या चेहऱ्याकडे बघून मला सांगवलं नाही. घरटं मित्रांना दाखवायला म्हणून फांदीही बुडापासून कापून आणलीय, तेव्हा झाडाचीही आशा नको. तर अक्का, वांगी पाठवाच. देवाला मी सकाळीच सगळं सांगून टाकलंय, त्याची समजूत पटली असावी. पण नैवेद्यातलं भरीत ह्यांनी तोडलेल्या वांग्यांचं नाही, हे ह्यांना कधी कळता कामा नये.