पेटीच्या दोन किल्ल्या

३ ऑगस्ट, शनिवार

चर्चमधली प्रार्थनेची पेटी उघडली. अकरा चिठ्ठ्या. नेहमीसारख्या आम्ही दोघीच — मी आणि मावशी. (सख्ख्या कुणाच्याच नाहीत, चाळीस वर्षं दवाखान्यात नर्स होत्या, अख्ख्या मंडळीच्या मावशी झाल्या.) एक किल्ली त्यांच्याकडे, एक माझ्याकडे, दोन्ही लागल्याशिवाय झाकण उघडत नाही. वाचायचं, प्रार्थना करायची, पत्र्याच्या डब्यात जाळायचं. बाहेर अक्षर न्यायचं नाही.

पण आजची एक मनातून हटेना. नाव नव्हतं, अक्षर मात्र माझ्या ब्लाउजच्या मापांवरचंच — शिंपीणबाईचं. नवरा परदेशी नाही, तुरुंगात आहे! सात वर्षांची शिक्षा. मुलीला ठाऊक नाही. ‘माझं तोंड बघायची त्याला लाज वाटू नये, एवढंच मागा.’

चिठ्ठी जळून गेली. इथे लिहिलं म्हणून काय — वही थोडीच बोलते!

११ ऑगस्ट, रविवार

उपासना सुटली आणि पायऱ्यांवर कुजबुज. “सात वर्षं म्हणे! आणि आपल्याला सांगायची, परदेशी आहे.” शिंपीणबाई मुलीचा हात धरून मागच्या दाराने निघाली. मुलीचं बोलणं मी ऐकलं — “आई, बाबा खरंच तुरुंगात आहेत?”

चिठ्ठी वाचली दोघींनीच. मी कुणाशी बोलले नाही. म्हणजे —

नाही लिहवत.

१३ ऑगस्ट, मंगळवार

पाळकसाहेब भडकलेत. “रविवारी मंडळीपुढे मावशींचं नाव घेऊन सांगतो!” मी म्हटलं, आधी मला एकटीला त्यांच्याकडे जाऊ द्या. शास्त्राची रीतही तीच. चारचौघांत मान खाली घालायला लावून कोण सुधारलंय? शेवटी शनिवारपर्यंत थांबायला तयार झाले.

१४ ऑगस्ट, बुधवार

गेले. रस्ताभर वाक्यं घोकत. मावशी शेंगा सोलत होत्या.

“मावशी, जीभ घसरते कधीतरी. माणसंच आहोत. आपण होऊन कबूल करा — मी तुमच्या शेजारी उभी राहीन.”

रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. “मी बोलले नाही गं.” एवढंच. मग कमरेची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. “पण तुला संशय आहे ना, मग ही तूच ठेव.”

इतकं सांभाळून बोलले, तरी घरी आल्यावर ताट तसंच बाजूला सारलं. सासूबाई म्हणाल्या, “त्या शिंपिणीचं एवढं काय मनाला लावून घेतेस? करावं तसं भरावं.”

१५ ऑगस्ट, गुरुवार

मावशींची किल्ली पदराच्या गाठीत. दिवसभर टोचते आहे.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

शिंपीणबाईकडे गेले. शिलाई मशीन गोणपाटात बांधलेलं! उद्या दुपारी टेम्पो येणार, गाव सोडणार. दातात सुतळी धरून गाठ मारत म्हणाली, “बोलले ते बोलले. पण लोकांनी शिक्षासुद्धा वाढवली हो! चार वर्षांची आहे. चिठ्ठीत मी चारच लिहिलं होतं.”

चार?

कशीबशी घरी आले. ही वही काढली. ३ ऑगस्ट. सात! माझ्याच अक्षरात. डोळे भरलेले होते, घाईत काय लिहिलं कळलंच नाही. साऱ्या जगात ‘सात’ फक्त या पानावर होतं.

वही कपाटात असते, उशांच्या अभ्र्यांखाली. अभ्रे दर सोमवारी सासूबाई बदलतात.

देवा.

१७ ऑगस्ट, शनिवार

सकाळीच मावशींकडे. दारातच सगळं सांगून टाकलं, किल्ली पुढे केली.

“ठाऊक आहे,” म्हणाल्या. “तुझ्या सासूबाईंनी गेल्या आठवड्यातच विचारलं होतं मला — सात वर्षं हे खरं का?”

“मग बुधवारी बोलला का नाहीत?”

“इतक्या मायेनं समजावत होतीस! म्हटलं, असू दे, हे समजावणं तुलाच लागेल लवकर.”

किल्ली घेतली नाही. पायांत चपला सरकवून माझ्याआधी पायऱ्या उतरल्या.

“चल, टेम्पो यायच्या आत. मी तुझ्या शेजारी उभी राहीन.”