केसिंगची सोय आणि एक मागे घेतलेलं वाक्य

मी, नरसिंग लक्ष्मण मेत्रे, वय सत्तावन्न, धर्म बौद्ध, धंदा पूर्वी बोअर मारणे, हल्ली नुसता श्वास घेणे, राहणार मन्नाएखेळ्ळी, जिल्हा बीदर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या धाकाशिवाय आणि दारूचा थेंब न घेता लिहवून घेत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. छाती ठिकाणावर नाही, त्याचाही दाखला जोडला आहे. सत्तावीस वर्षं दगडाची पूड नाकातोंडात घेतली. ती आत जाऊन बसली आहे आणि आता निघत नाही. डॉक्टर म्हणाले, हा पावसाळा निघेल, पुढचं सांगता येत नाही.

मी सांगतो आणि हुमनाबादचे बसलिंगप्पा लिहितात. कोर्टाबाहेर कागद लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. मला दम लागला की ते पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघतात, ते मला बरं वाटतं. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दुसरा कागद आणून दाखवलाच तर तो खोटा समजावा.

कलम १. मन्नाएखेळ्ळीतलं दोन खोल्यांचं घर, मागचं अंगण आणि दीड एकर कोरडवाहू रान माझी एकुलती एक मुलगी शिवकन्या हिला मिळावं. ती हुमनाबादला नर्स आहे, तिथंच भाड्यानं दुसऱ्या मजल्यावर राहते. पोस्टातली शिल्लकही तिचीच. मी न लिहिताही हे तिलाच गेलं असतं, त्यामुळं या कलमासाठी बसलिंगप्पांना बसचं भाडं देऊन बोलावलेलं नाही. कारण पुढं येईल.

कलम २. माझ्या मागं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम साधा करावा. भाषणं करू नयेत. मी कष्टाळू होतो, असं कोणी उठून सांगू नये. कष्टानंच मेलो, त्यात कौतुक कसलं?

कलम ३. माझे पाने, साखळी आणि लोखंडी पेटी ज्या कोणाला बोअरच्या गाडीवर जायचं असेल त्याला द्यावी. त्याच पेटीत शिवकन्येनं आणून दिलेल्या मास्कचा डबा आहे, सील न फोडलेला. तोही द्यावा, आणि तो त्यानं फोडला का, हे विचारावं. आमच्या गाडीमालकानं आम्हाला कधी मास्क दिले नाहीत. संध्याकाळी गुळाचा खडा द्यायचा आणि म्हणायचा, गूळ खा, धूळ पोटात उतरते. सत्तावीस वर्षं मी तो गूळ खाल्ला. माझ्या पैशातून त्याला एक किलो गूळ पार्सलनं पाठवावा. सोबत चिठ्ठी नको.

बसलिंगप्पा म्हणतात, "नरसिंगराव, हे कागदात बसत न्हाई." मी म्हणालो, बसवा.

कलम ४. आता मुद्द्याचं. माझ्याकडं केसिंग नावाचं एक कासव आहे. आफ्रिकेतलं, जमिनीवरचं, वजन सत्तावीस किलो. बोअरमध्ये माती ढासळू नये म्हणून जो पाइप उतरवतात त्याला केसिंग म्हणतात, त्यावरून नाव. त्याची सरकारदरबारी नोंद शिवकन्येनं केली आहे, तो कागद ट्रंकेत आहे. या जातीचं कासव सत्तर-ऐंशी वर्षं जगतं. म्हणजे मी जाईन तेव्हा ते ऐन तारुण्यात असेल. त्याची सोय लावल्याशिवाय मला मरता येत नाही.

ते घरात कसं आलं ते लिहा. माझी बायको सुमन २०१२ साली गेली. पोर बीदरला नर्सिंगच्या होस्टेलवर. मी दसऱ्याला गाडीवर चढायचो तो पावसाळ्याच्या तोंडाला उतरायचो. आंध्र, छत्तीसगड, कुठंही. घरी आलो की कुलूप काढायचं आणि आत कोणीच नाही. दोन वर्षं असं काढलं. मग हैदराबादला एका जनावरांच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, मी घरी नसतो. मी नसलो तरी जगेल, असं काहीतरी जिवंत दाखवा.

त्यानं पुष्कळ दाखवलं. रंगीत मासे दाखवले, पण आमच्याकडं वीज गेली की ती परत कधी येईल ते कोणाला माहीत? परदेशी पोपट दाखवला. तो एकटा राहिला तर स्वतःची पिसं उपटतो म्हणे. त्याला म्हटलं, हे दुःख घरी आहे, विकत नको. अजगर पंधरा दिवसांतून एकदा खातो, पण उंदीर खातो, आणि शिवकन्येनं घरात पाऊल टाकलं नसतं. ठिपक्यांची एक पाल होती, सुरेख होती, पण आमच्या गल्लीत पाल अंगावर पडली तर बायका डोक्यावरून आंघोळ करतात. केसाळ कोळी सगळ्यात सोपा, आठवड्याला एक किडा. त्याला विचारलं, हा मला ओळखेल का? म्हणाला, कधीच नाही. मग पाळायचा कशाला?

शेवटी त्यानं तळहाताएवढी दोन कासवं पुढ्यात ठेवली. म्हणाला, "ये लेलो साब. घास डालो, हो गया. कुछ नक्को मंगता." तळहाताएवढीच राहतात, असंही म्हणाला, त्या लबाडाचं वाटोळं होवो. पण "काही मागत नाही" हे ऐकलं आणि मी पैसे दिले. एकाचं नाव केसिंग. दुसरं मान वर-खाली करायचं, हातपंपाच्या दांड्यासारखी, म्हणून त्याचं नाव हापसा.

माझा थोरला भाऊ तानाजी शेजारीच राहतो, मधे एक भिंत. जाताना मी त्याला म्हणालो, "अण्णा, रोज एक पेंडी गवत टाक. बाकी त्यांना काही लागत न्हाई."

कलम ५. हे कलम मालमत्तेचं नाही, तरी लिहा.

"काही लागत न्हाई" हे शब्द माझे नाहीत, सुमनचे आहेत. मी छत्तीसगडला होतो आणि तिला ताप आला. फोनवर म्हणाली, "मला काही लागंना. तुमचं काम आटपून या." दुसऱ्या दिवशी तानाजीअण्णाचा फोन आला. "नरसिंग, निघ. सुमनचं लक्षण मला बरं दिसंना." त्या वेळी आमचा बिट, म्हणजे खडक फोडणारं पोलादी टोक, चारशे फुटांवर अडकला होता. अडकलेला बिट सोडून ड्रिलर गाडीवरून उतरत नाही, ही आमच्या धंद्यातली रीत. मी म्हणालो, चार दिवसांत येतो. अण्णा ओरडला, "चार दिवस? कामून? लोखंड हाय की ते!" मी फोन ठेवला. अण्णानं जीप करून तिला बीदरला नेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. पाचव्या दिवशी बिट निघाला. सहाव्या दिवशी मी घरी पोचलो, तेव्हा सगळं उरकलं होतं.

तिला काही लागत नाही, हे मला सोयीचं होतं. म्हणून मी ते खरं धरलं. लग्नाची वीस वर्षं धरत आलो होतो.

कलम ६. २०१६ चा मे महिना. मी पुन्हा बाहेर. ऊन असं की पत्र्यावर हात ठेववेना. दोन्ही कासवं बिळात जाऊन बसली, गवताला तोंड लावेनात. अण्णाला वाटलं, तहानेनं मरायलीत. आमच्याकडं विहिरीत कासव सोडायची पद्धत आहे. कासव असलं की पाणी किडत नाही, असं म्हणतात. आमच्या आजानंही सोडलं होतं. कासव म्हटलं की पाण्यातलं, हे आमच्या भागात पोरालासुद्धा माहीत. अण्णानं हापसाला टोपलीत घालून आपल्या रानातल्या विहिरीवर नेलं आणि मायेनं सोडलं. ते जमिनीवरचं जनावर. त्याला पोहता येत नाही. ते तळाला गेलं.

खोल पाण्यापासून लांब ठेव, एवढं चार शब्दांत मी सांगितलं असतं तर? दुकानदारानं मला सांगितलं होतं. मी अण्णाला सांगितलं नाही. काही लागत नाही म्हणालो आणि गाडीत बसलो.

मी परत आल्यावर अण्णा दारात आला, मान खाली घालून म्हणाला, "चुकलं रं माझं." तेव्हा मी भर गल्लीत, सगळ्यांदेखत जे बोललो ते जसंच्या तसं लिहा: "माझी बायको तुझ्या भरवशावर होती, ती मेली, आता जनावरही तुझ्याच हातानं मेलं. तुझ्याकडं ठेवलेलं जगत न्हाई."

अण्णा मागे वळला. घरात गेला. त्याच आठवड्यात मी मधली भिंत तीन फूट उंच करून घेतली. नऊ वर्षं झाली, आम्ही बोललेलो नाही.

ते वाक्य मी मागे घेतो. ते खोटं होतं, आणि मी बोललो तेव्हाही मला ते खोटं आहे हे माहीत होतं. सुमनला अण्णानं राखलं. मी बिट राखत बसलो. गल्लीत बोललो होतो, म्हणून हे कलम मी मेल्यावर गल्लीत उभं राहून मोठ्यानं वाचावं. बसलिंगप्पा, या कलमासाठी तुम्हाला बोलावलं.

आणखी एक. यंदा संक्रांतीला शिवकन्येनं मला सांगितलं; तिला विजयश्रीवहिनीनं, म्हणजे अण्णाच्या बायकोनं सांगितलं होतं. हापसा बुडाल्यावर अण्णा कमरेला दोर बांधून विहिरीत उतरला होता. पाणी दोन पुरुष खोल, आणि अण्णाला पोहता येत नाही. दोर वहिनीच्या हातात. दोनदा नाकातोंडात पाणी गेलं, तरी कासव घेऊनच वर आला. बांधावर लिंबाखाली पुरलं. मला यातलं काही सांगितलं नाही. मी सांगू दिलं कुठं?

कलम ७. केसिंगची सोय. शिवकन्या बारा-बारा तास ड्युटीवर असते आणि वर दुसऱ्या मजल्यावर सत्तावीस किलोचं कासव चढवायचं कसं? तिला जमणार नाही, आणि तिनं वाईट वाटून घेऊ नये. सिद्धप्पा ढाबेवाला ते मागतो आहे, दारात ठेवलं तर धंदा वाढतो म्हणे. त्याला अजिबात देऊ नये. तो त्याच्या पाठीवर शेंदूर फासेल.

केसिंग मी माझा थोरला भाऊ तानाजी लक्ष्मण मेत्रे याला देत आहे.

तसं ते अर्धं त्याचंच झालं आहे. तीन वर्षांपूर्वी केसिंगनं भिंतीखालून बीळ पाडलं, माझ्यासारखंच भोक पाडणारं जनावर ते. रोज सकाळी पलीकडं जाऊन अण्णाच्या अंगणात उन्हाला बसतं आणि दुपारी परत येतं. अण्णा भांडायला येईल म्हणून मी वाट बघितली. तो आला नाही. बीळही बुजवलं नाही; पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून वर पत्रा टाकला. शिवकन्या म्हणते, "अप्पा, काका त्याला रोज गवत टाकतेत, पण पाणी मात्र ठेवत न्हाईत. भ्यालेत."

म्हणून जे तेव्हा सांगितलं नाही ते आता लिहून देतो. गवत, कडबा, निवडुंगाचं पान काटे काढून. भाकरी नको, केळं नको. थंडीत रात्री गोणपाट आणि वर बल्ब. त्याला गोंजारलं तर ते मान लांब करतं, म्हणजे त्याला आवडतं. त्याला पुष्कळ काही लागतं. दुकानदार खोटं बोलला आणि मी पण.

कलम ८. मधली भिंत पाडावी. तो खर्च माझ्याकडून.

सही, नरसिंग लक्ष्मण मेत्रे. वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

साक्षीदार:
१. ~~तानाजी लक्ष्मण मेत्रे~~ भगवानराव, निवृत्त शिक्षक, मन्नाएखेळ्ळी (सही)
२. दीपमाला, आशा कार्यकर्ती, मन्नाएखेळ्ळी (सही)

लेखनिक: बसलिंगप्पा, हुमनाबाद (सही)

मुक्काम मन्नाएखेळ्ळी, दिनांक १५ जून २०२५.

खोडाखोडीचा तपशील: साक्षीदार क्रमांक एकचं नाव खोडलं आहे, त्याचं कारण असं. साक्षीला घरचं मोठं माणूस हवं म्हणून शिवकन्या पलीकडं जाऊन काकाला घेऊन आली. नऊ वर्षांनी अण्णा उंबऱ्याच्या आत आला. खाली बसला, माझ्याकडं बघितलं नाही. बसलिंगप्पांनी त्याचं नाव लिहिलं आणि मग थांबले. म्हणाले, ज्याला कागदातून काही मिळतं त्याची साक्ष घेऊ नये. अण्णा म्हणाला, "मला काय मिळतंय?"

तेव्हा बसलिंगप्पांनी सहावं आणि सातवं कलम मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर अण्णानं गुडघ्यावर हात टेकला. मला वाटलं, उठून जाईल. गेला असता तरी त्याची चूक नव्हती.

मग माझ्याकडं बघून म्हणाला, "पाणी किती ठेवायचं?"

मी बोटाची दोन पेरं दाखवली. सातव्या कलमात ते राहून गेलं होतं, म्हणून इथं लिहून घेतलं.