पाहुण्यांच्या खोलीची भिंत

२ सप्टेंबर

झालं! जुनी भिंत खरवडून टाकली. सगळी. आता मागे फिरणं नाही.

हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "चांगली होती की गं." चांगली होती म्हणे! तीच ती नांगराच्या तासांची नक्षी. या गावात जिच्या हातात जेवणाचा काटा येतो ती बाई ओल्या भिंतीवर तासंच ओढते. लेफाची बायको या घरात येणार ती काय तासं बघायला? एकुलता एक पोरगा माझा. राजधानीत, मासेरूत नोकरीला आहे. मुलगी पार वरच्या डोंगरातली, केनेउवे नाव. बोलणी झाली, मुलीसाठी द्यायची गुरं तिच्या बापाच्या गोठ्यात पोचली. एकोणीस तारखेला येते.

शिवाय चार ऑक्टोबर आहेच. खालच्या गावच्या प्रार्थना मंडळाच्या बायका येतात, त्यांना कोणाच्या खोलीत बसवायचं ते चर्चच्या पाळकबाई ठरवतात. कायम आमची खोली असायची. गेली दोन वर्षं शेजारच्या मासेआबाताची. का? तिने सोफा आणला! भिंतीवर बोटाची एक रेघ नाही, पण सोफा! यंदा बायका माझ्याकडे बसणार. लिहून ठेवते.

५ सप्टेंबर

लेफाला म्हटलं, काहीतरी नवीन सुचव. त्याने फोनवर फोटो धाडले. "आई, हल्ली घरं अशी असतात." सगळ्या भिंती पांढऱ्या. करडी खुर्ची. कोपऱ्यात बरणीत एकच वाळकी काडी. मी विचारलं, "कोण आजारी आहे रे या घरात?"

"आई, याला साधेपणा म्हणतात."

"याला काम अर्धवट टाकून पळणं म्हणतात!"

हसून हसून बेजार झाला. पण एका फोटोत दाराभोवती निळा पट्टा होता. तो मी उचलला. कपड्यांची नीळ घरात आहेच.

८ सप्टेंबर

मफेटेंगला गेले होते. फर्निचरचं दुकान, पडद्यांचं दुकान, फरश्यांचं दुकान — सगळीकडे हात मागे बांधून फिरले. दुकानातली पोरगी मागे मागे. "काय हवंय, माय?" म्हटलं, "डोळ्यांना हवंय, पिशवीत नको."

फरशीवर एकच फूल. पुढच्या फरशीवर तेच, त्याच तोंडाने. तिसरीवर तेच. वर लोक त्याला पैसे मोजतात! आमच्या बायका चौकोन आखतात, शेजारच्यात तीच नक्षी उलटी फिरवतात, खाली परत उलटी. मग चारही एकमेकांकडे बघतात आणि भिंतीत जीव येतो. दुकानातल्या पोरीला हे सांगितलं. तिने मान हलवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली.

१० सप्टेंबर

काही सुचत नाही. ब्लँकेटावरची कणसं — सगळ्यांची करून झाली. कोरफड — मासेआबाताच्या बहिणीने केली, तीही वाकडी. चिडचिड होतेय. यांच्यावर उगाच ओरडले.

११ सप्टेंबर

सापडलं!! कोबी!

भाजीला कोबी मधोमध कापला आणि सुरी तशीच हातात राहिली. केवढ्या घड्या! एकीत एक, वळून परत आत. इतकी वर्षं चिरतेय, कधी बघितलंच नाही. यांना हाक मारली. हे आले, बघितलं, म्हणाले, "मग आज भाजी नाही का?" नाही! आज मक्याचा पापा नुसता खा!

१६ सप्टेंबर

भिंत पूर्ण. दाराच्या डाव्या बाजूपासून उजव्या बाजूपर्यंत, गोल. लाल माती ओढ्यापलीकडून आणली, पांढरी टेकडीवरून, दाराला नीळ. भांड्यांची मातीची फळीसुद्धा नव्याने लिंपली, कडेला कोबीच्याच घड्या. पाठ मोडली. बोटं फुटली. आणि काय सांगू — मीच दारात जाऊन पुन्हा आत येते, पाहुणी असल्यासारखी, आणि दचकते. असं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. खोटं कशाला बोलू, या गावात कोणाच्याच हातून झालं नाही.

मासेआबाता मीठ मागायला आली. मीठ तिच्याकडे पोतंभर आहे! आत डोकावली, म्हणाली, "कोबी वाटतोय गं." म्हटलं, "कोबीच आहे." तोंड एवढंसं झालं.

१९ सप्टेंबर

सून आली. लेफाला रजा नाही मिळाली. नाकीडोळी नीटस, बोलणं कमी. तिला ब्लँकेटात गुंडाळलं, मेंढीचं मटण वाढलं, शेजारणी गायल्या. भिंतीकडे मात्र ती फार वेळ बघत होती. मनात म्हटलं, बघ बाई, बघ. हे सासूचे हात.

तिला सासरचं नाव द्यायचं राहिलंय. कोणाची आई म्हणायचं हिला? पोटात काही नसताना नातवंडाचं नाव आज ठरवायचं. माझंही असंच, लेफाचा पत्ता नव्हता तेव्हापासून मी मालेफा, लेफाची आई. हे म्हणतात, "तू ठरव, मला त्यात ओढू नकोस." यांच्या आईचं नाव ठेवावं असं आहे मनात. उद्या सांगेन.

२० सप्टेंबर

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

सकाळी उठले तर अंगण झाडलेलं, पाणी भरलेलं. बरं वाटलं. खोलीत गेले तर — भिंत कोरी! ओल्या शेणमातीने सपाट सारवलेली. माझी सगळी नक्षी खाली गेलेली. आणि ही कोपरापर्यंत चिखलात, माझ्याकडे बघून हसतेय! शाबासकीची वाट बघतेय!

मी काय काय बोलले आठवत नाही. शेजारी जमले. मासेआबाता सगळ्यात पुढे.

ती हसायची थांबली. हळूच म्हणाली, "आई, आमच्याकडे सासू भिंत सजवून ठेवते ती सुनेने सारवायला. पहिल्या सकाळी. नक्षी तशीच राहिली तर लोक म्हणतात, पोरीला हे घर आपलं वाटलं नाही. तुम्ही एवढी सुंदर केलीत... मला वाटलं, माझ्यासाठीच."

"तुझ्यासाठीच केली होती!" मी ओरडले आणि बाहेर येऊन लाकडांवर बसले. रडले. आता लपवून काय करायचं, रडले.

नावबिव काही दिलं नाही. देणारही नाही.

२१ सप्टेंबर

बोलत नाही तिच्याशी. लेफाचा फोन आला. "आई, तिला कसं कळणार?" कळत नसेल तर विचारावं! हे म्हणाले, "भिंतच आहे, परत होईल." यांच्याशीही बोलत नाही.

शेजारणी तिला "ए मुली" म्हणतात. नाव नाही तर काय म्हणणार? बिनानावाची सून पाणवठ्यावर जाते, येते. मान खाली. मला बरं वाटायला हवं होतं. वाटत नाही.

२२ सप्टेंबर

चुलीपाशी आली. "आई, भिंत कोरी ठेवू का? सारवल्यावर सुनेने आपली नक्षी काढायची असते, कोरी ठेवायला मला भीती वाटते." म्हटलं, "कर काय करायचं ते." एवढंच. काटा मात्र दिला. माझा, तीन दातांचा.

२५ सप्टेंबर

दार लावून घेतलंय तिने आतून. खसखस खसखस आवाज येतो. मी काही डोकावले नाही. एकदाच, फटीतून. अंधारात काही दिसलं नाही.

२७ सप्टेंबर

पाळकबाई आल्या खोल्या बघायला. मी म्हटलं, यंदा आमची धरू नका. म्हणाल्या, "आल्यासारखी बघते तरी." आणि त्यांच्या मागून मीही आत गेले, त्या सकाळनंतर पहिल्यांदाच.

काय लिहू. डोंगरउतारावर मेंढ्या वाटा पाडतात तशा रेघा, आडव्या, एकीवर एक, छपरापर्यंत चढत गेलेल्या. चौकोन उलटे फिरवलेले, पण असे, की कुठे सुरू होतात ते सापडत नाही. खोली मोठी झाल्यासारखी वाटली. मी शोधत शोधत दारामागे आले. तिथे एक चौकोन कोबीचा! माझा. सारवलाच नव्हता तिने. सगळ्या वाटा तिथूनच निघाल्यात.

"हा कसा राहिला?" मी विचारलं. सात दिवसांत तिला विचारलेली पहिली गोष्ट.

"तो ठेवायचाच असतो, आई. नाहीतर पुढचं कुठून काढणार?"

मला हेवा वाटला. खरं सांगते, आधी हेवाच वाटला. माझ्या रेघा बोटांनी मोजून काढलेल्या, हिच्या चालत आलेल्या. मग ऊर भरून आला. पाळकबाई म्हणाल्या, "मालेफा, बायका इथेच बसतील."

४ ऑक्टोबर

खोली गच्च! खालच्या गावच्या बायका भिंतीला हात लावून बघत होत्या. त्यांची म्होरकी म्हणाली, "हात कोणाचा?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. वर्षानुवर्षांची सवय. मासेआबाता म्हणाली, "हिचाच, दुसऱ्या कोणाचा?" ती बिचारी खरंच समजून बोलली.

मी म्हटलं, "या घराचा." टाळ्या पडल्या. केनेउवे दारात पेले घेऊन उभी होती. तिने पेले पुढे केले.

रात्री जेवण गेलं नाही.

५ ऑक्टोबर

सकाळी पाणवठ्यावर गेले, सगळ्या बायका असतील अशा वेळी. सांगितलं, भिंत सुनेची आहे आणि तिला आजपासून नावाने हाक मारायची — मामोसेले. मासेआबाता म्हणाली, "तुझ्या सासूचं नाव तर हे नव्हतं. मोसेले कोण?" लग्न होऊन आल्यापासून या गावात कोणी मला त्या नावाने हाक मारली नाही. म्हटलं, "मी."