बरणी बोलली तर

दिपमाला,

सलाईनची नळी कापली ती मीच. फ्रिजवरची काळी पडलेली केळी संपली. साखर आणावी लागेल. लोणच्याची मोठी बरणी पलंगाखाली आहे, केर काढताना धक्का लावू नकोस.

हो, पुन्हा वाईन लावलीय. गल्लीभर वास जातो म्हणून तू बंद करायला लावलीस, त्यानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच. तुला विचारलं नाही. रागाव, पण ओतून देऊ नकोस.

मंजुळावहिनींचा फोन आला. मी जळगावला दवाखान्यात निघालोय. झुलालभाऊंना घरी न्या, आता इथे ठेवून उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. रविवारी भेटलो तेव्हा भाऊंनी डोळे न उघडता एवढंच विचारलं, "कुंदन, बरणी बोलस का रे आजून?" मी हो म्हणालो. घरी येऊन केळी उकळली.

बरणीच्या झाकणातून काढलेल्या त्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलंय. एव्हाना तिथे बुडबुडे यायला हवे होते. एकही नाही. यीस्ट मी जुन्याच डब्यातलं घातलं, ते मेलेलं असणार. नवीन आणून लावण्याइतका वेळ आता भाऊंकडे नाही.

तरी येता-जाता बघ. बुडबुडे निघालेच तर मला फोन लाव आणि मोबाईल बाटलीजवळ धर. काही बोलू नकोस. मी फोन भाऊंच्या कानाला लावीन.

डाळ झाकून ठेवलीय.

भाऊंनी ती वाईन कधी चाखलीसुद्धा नाही. मी प्यायचो, ते बरणीला कान लावून बसायचे.